मोटर बंद केली का?

मैत्रिणींनो, ‘मोटर बंद केलीस का गं?’ हा प्रश्न तुमच्या घरात दिवसातून किती वेळा ऐकू येतो? आमच्याकडे तर तो सकाळच्या चहाइतकाच नेमाचा होता. नळाला एक दिवसाआड पाणी. ते आधी अंगणातल्या हौदात भरायचं, मग मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. मोटर लावणारी मी आणि बंद करणारीही मीच!

एकदा शेजारी हळदीकुंकवाला गेले. ‘पाच मिनिटांत येते’ म्हटलं, पण गप्पांत तासभर कसा गेला ते कळलंच नाही. परत येऊन पाहते तो टाकी वाहतेय, हौदाचा तळ दिसतोय आणि मोटरमधून जळका वास येतोय. पाणी गेलं, मोटर गेली आणि वर बोलणी खाल्ली ती वेगळीच. त्या रात्री मनाशी म्हटलं, घरातल्या एका बाईने मोटरच्या बटणाला का म्हणून बांधून घ्यायचं?

यावरचा उपाय सोपा आहे. फ्लोट स्विच म्हणजे वायरच्या टोकाला बांधलेला प्लॅस्टिकचा बंद गोळा. पाणी चढलं की तो तरंगून वर येतो, उतरलं की खाली लोंबतो आणि त्याच्या पोटातलं बटण आपोआप चालू-बंद होतं. असे दोन स्विच बसवायचे. गच्चीवरचा सांगतो, ‘टाकी भरली, पुरे.’ हौदातला सांगतो, ‘पाणी संपलं, थांब.’ दोघांचा होकार असेल तरच मोटर चालते. हौदातला स्विच पैसे वाचवायला म्हणून गाळू नका हं! पाण्याशिवाय फिरलेल्या पंपाचं सील जळतं आणि खरं नुकसान तिथेच होतं.

काही यंत्रांत गोळ्याऐवजी धातूच्या सळ्या असतात. त्याही चांगल्या, पण बोअरचं जड पाणी असेल तर सळ्यांवर क्षाराचं पूट चढतं आणि यंत्र फसतं. अधूनमधून त्या घासून पुसाव्या लागतात.

हल्ली मोबाइलवरून चालणारे प्लगही मिळतात. मुलं हौसेने आणतील, पण साधा ६ अँपिअरचा प्लग मोटरला लावू देऊ नका. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते. तेव्हा वायरमनकडून मध्ये कॉन्टॅक्टर बसवून घ्या. शिवाय इंटरनेट गेलं तरी मोटर थांबली पाहिजे, म्हणून थांबवण्याचं काम फ्लोटकडेच राहू द्या. मोबाइलने फक्त निरोप द्यावा.

आता सावधगिरीच्या चार गोष्टी. एक, अर्थिंग नीट तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. पाणी आणि वीज जवळ आली की हयगय नको. दोन, आपोआप चालणारी मोटर वीज आल्यावर न सांगता सुरू होते. म्हणून पंपाला किंवा टाकीला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करायचाच. तीन, हौदाच्या झाकणाला कुलूप हवं. घरात लहान मूल असेल तर हे काम आजच करा. चार, हौद धुवायला एकट्याने आत उतरू नका. बंद हौदातली हवा कोंदट असते, तिथे जीव घुसमटू शकतो.

आणि एक ध्यानात ठेवा, यंत्र पाणी भरेल, पण स्वच्छता करणार नाही. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. म्हणून पिंपं, बादल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून आतून खसखसून घासा, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. मोठ्या टाकीचं झाकण घट्ट बसवा आणि हवेच्या पाइपला जाळी बांधा.

आमच्याकडे स्विच बसले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘एवढ्याशा कामाला यंत्र कशाला?’ परवा त्या स्वतःच भजनाला निघाल्या. सवयीने दारात थबकल्या, मोटरच्या बटणाकडे पाहिलं आणि हसत म्हणाल्या, ‘चल गं तूही, आता घरी कोणी थांबायला नको.’

मैत्रिणींनो, तेवढ्यासाठी तरी हा खर्च करून पाहा!