जुन्या गोव्यातील कबरशिला : एक श्रद्धा, दोन शैली

नोव्हेंबर महिन्यात आपण मृत भाविकांसाठी प्रार्थना करतो, दफनभूमीत जाऊन आप्तांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. पूर्वी मात्र अनेकांना चर्चच्या आतच, जमिनीखाली पुरले जाई. जुन्या गोव्यात अशा कबरींवरील कोरीव कामाच्या दोन निराळ्या शैली आजही पाहावयास मिळतात.

पहिली शैली पोर्तुगीज वळणाची आहे. असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या चर्चची जमीन कबरशिलांनी व्यापलेली आहे. त्यांवर ढाल, शिरस्त्राण आदी कुलचिन्हे आणि खाली लेख कोरलेला असतो. अशा लेखांत पुष्कळदा 'सेपुल्तुरा' म्हणजे 'कबर' हा शब्द संक्षेपाने येतो आणि मृताच्या नावापुढे 'व त्यांच्या वारसांची' असे शब्द असतात. म्हणजेच कबर एका व्यक्तीची नसून घराण्याची असे. शिळा सपाट असते, कारण तिच्यावरूनच भाविकांची ये-जा होई.

दुसरी शैली रोझरी मातेच्या चर्चमध्ये दिसते. १५४९ साली निधन पावलेले गव्हर्नर गार्सिया द सा यांच्या पत्नी कातारिना यांचे स्मारक तेथे भिंतीत आहे. त्यावरील लेख पोर्तुगीज, परंतु भोवतालची नाजूक नक्षी गुजरातच्या शिल्पपरंपरेतील आहे. याचे नवल वाटू नये. १५३४ मध्ये वसई व १५३५ मध्ये दीव येथे पोर्तुगीजांनी पाय रोवले, ते गुजरातच्या सुलतानाच्या मुलखातच. व्यापाराबरोबर कलाही समुद्रमार्गे प्रवास करीत होती. ख्रिस्ती श्रद्धेने या भूमीतील कारागिरी परकी मानली नाही, याची ही शिळा साक्ष आहे.

आपल्या वसईचाही यात वाटा आहे. गोव्याचा जांभा दगड सच्छिद्र असून बारीक कोरीव कामास योग्य नाही. म्हणून बॉम जेझस बॅसिलिकेच्या दर्शनी भागासाठी काळा पाषाण वसईहून नेण्यात आला.

त्याच वसईच्या किल्ल्यातील चर्चमध्येही पोर्तुगीज लेखांच्या कबरशिला आहेत. १७३९ मध्ये किल्ला मराठ्यांनी जिंकला. पुढे चर्चची छपरे गेली आणि शिला पावसात उघड्या पडल्या. अक्षर झिजले की नाव जाते, आणि नावासोबत त्या माणसाची आपल्यातील अखेरची खूणही जाते. म्हणून तेथे गेल्यावर शिलांवर चुना, रंग वा तेल लावू नये. लेख वाचावा, छायाचित्र घ्यावे, अक्षरे उतरवून ठेवावीत. आणि त्या नावासाठी क्षणभर प्रार्थना करावी. कबरीवर नाव कोरणाऱ्यांची अपेक्षा तेवढीच होती.