बाटलीतून बाहेर येताना

ऑर्किडच्या धुळीसारख्या बियांत अन्नसाठा जवळजवळ नसतोच. निसर्गात विशिष्ट बुरशी त्यांना अन्न पुरवते. १९२२ मध्ये लुइस नुडसन यांनी साखरयुक्त आगरवर, बुरशीविना, त्या रुजवून दाखवल्या. पण बाटलीतून बाहेर काढलेली रोपे पुष्कळदा सुकतात. असे का व्हावे?

बाटलीतली हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. त्यामुळे पानांवरचा मेणाचा थर पातळ राहतो, पर्णरंध्रेही नीट मिटत नाहीत. म्हणून आपण मुळांवरचे आगर कोमट पाण्याने धुतो, कारण उरलेल्या साखरेवर घातक बुरशी वाढते. मग रोपे ओलसर शेवाळात, सावलीत झाकून ठेवतो आणि झाकण हळूहळू उघडत जातो. जुनी पाने फारशी सुधारत नाहीत. बाहेरच्या हवेत घडलेली नवी पाने येईपर्यंत रोप जगवायचे असते.