लहरींवरचा प्रकल्प आणि कणकेचा गोळा

शाळा सुरू झाल्या झाल्या आमच्या कन्येने जाहीर केले, "बाबा, यंग सायंटिस्टसाठी मी लहरी आणि वारंवारता यांवर प्रकल्प करणार." 1965 साली यूसीडीच्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी सुरू केलेल्या या प्रदर्शनाचे इथल्या शाळांत किती महत्त्व आहे, हे मुले असलेल्या वाचकांना सांगायला नकोच. माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. गुरुत्वीय लहरींपासून मोबाइलपर्यंत आठ भारदस्त विषयांची यादी मी तिच्या हाती ठेवली. तिने ती वाचून विचारले, "यातले मी घरी काय मोजू?" मी गप्प!

विषय शेवटी कपाटावर सापडला. सोलापुरी चादरीत गुंडाळलेला माझा तबला. तिच्या मैत्रिणीकडे आयरिश बाउरान आहे. कातडे दोन्हींचे बकरीचेच. मग तबल्यातून स्वच्छ सूर निघतो आणि बाउरानमधून नुसता घुमारा, असे का? हा झाला प्रश्न.

तार छेडली की मूळ वारंवारतेबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारताही उमटतात. प्रमाण पूर्णांकी असल्याने कानाला एकच सूर भासतो. सारख्या ताणलेल्या गोल कातड्याचे गणित निराळे: 1, 1.59, 2.14, 2.30. यांचे आपसात जमत नाही, म्हणून सूर ठरत नाही. तबल्याची शाई नेमकी इथे कामाला येते. मूळ कंपनात मध्यभाग सर्वांत जास्त हलतो. शाईचे वजन त्याला संथ करते. ज्या कंपनात मध्यबिंदू स्थिरच असतो, त्याला ती फारशी अडवत नाही. त्यामुळे 1.59 चे प्रमाण वाढून 2 च्या जवळ जाते. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 साली 'नेचर'मध्ये याविषयी लिहिले आणि 1934 साली सविस्तर विवेचन केले.

मी म्हणालो, "मग रामन यांनी सोडवलेच की! आता तू काय करणार?"

"बाउरानला शाई लावली तर काय होईल, ते पाहणार."

शाई कुठून आणणार? तेव्हा मला गावच्या भजनातला पखवाज आठवला. त्याच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात. ठरले! बाउरानच्या मधोमध पाच-पाच ग्रॅम कणीक वाढवत जायची, दर वेळी टिचकी मारायची आणि फोनवरच्या अ‍ॅपने वारंवारता टिपायच्या.

आकडे पुस्तकाबरहुकूम आले नाहीत. कणीक वाळते, कातडे आयरिश दमट हवेत सैल पडते. पण तीच तिच्या वहीतली सर्वांत चांगली पाने ठरली, कारण प्रत्येक फरकाचे कारण तिने स्वतः शोधले होते.

पालकांनो, विषय सुचवताना एवढेच पाहा: मुलाला त्यात एक गोष्ट बदलता येते का, आणि दुसरी मोजता येते का? बाकी त्यांच्यावर सोडा. आमच्या प्रकल्पात माझ्याकडे कणीक भिजवण्याचे काम होते.