रॅकवर लिहिलेले '१०० किलो' म्हणजे नक्की किती?

तुम्ही ॲपवरून मागवता ते सामान भिवंडीसारख्या ठिकाणच्या गोदामात कुठल्या कप्प्यात ठेवायचं, हे सॉफ्टवेअर सांगतं. मी तेच लिहितो. सुरुवातीला कप्प्यांची फक्त लांबी-रुंदी-उंची भरली होती, वजन नाही. मावतंय ना, मग ठेव! एका गोदामात तेलाचे डबे वरच्या फळीच्या मधोमध रचले गेले आणि फळी वाकली. खाली कोणी नव्हतं म्हणून निभावलं.

रॅकच्या होलसेलवाल्याने मग समजावलं: फळीची १०० किलोची क्षमता वजन सगळीकडे सारखं पसरलेलं असेल तेव्हाची. तेवढंच वजन बरोबर मध्यावर एकाच जागी आलं, तर फळीला वाकवणारा जोर दुप्पट होतो. (हे मी फर्स्ट इयरला शिकलो होतो. पेपर दिला आणि विसरलो!)

गेजचंही उलटं असतं. आकडा मोठा, तितका पत्रा पातळ: १८ गेज साधारण १.२ मिमी, २२ गेज ०.७ मिमी. घरच्या दुकानासाठी रॅक घेताना 'हेवी ड्युटी' या शब्दावर जाऊ नका. गेज आणि दर फळीची क्षमता बिलावर लिहून घ्या.

आता वजनाचा रकाना रिकामा असेल, तर माझी सिस्टीम त्या कप्प्यात काहीच ठेवू देत नाही.