डीएनए नाव नव्हे, नाते सांगतो
वंशावळ-डीएनए शोध म्हणजे अनोळखी मृतदेहाच्या डीएनएवरून आधी त्याचे नातलग हुडकणे आणि त्यांच्यावरून मृताचे नाव काढणे. नमुना यंत्रात घातला की नाव बाहेर येते, हा समज मालिकांनी रुजवला आहे. जीईडीमॅचसारख्या ऑनलाइन डीएनए-संग्रहात खुद्द मृताची नोंद बहुधा नसतेच. असतात ते हौसेने आपली माहिती चढवणारे दूरचे भाऊबंद. लग्नघरात अनोळखी पोराला आजी ‘तू कुणाचा रे?’ विचारते आणि आजोळावरून घराणे लावते, तसाच हा प्रकार.

सामाईक डीएनए सेंटिमॉर्गनमध्ये (जनुकीय अंतराचे एकक) मोजतात. चुलत-मावस भावंडांत तो सरासरी १२.५ टक्के असतो, त्यांच्या मुलांमध्ये आपसांत जेमतेम तीन. तेवढ्या धाग्यावर जन्मनोंदी, जनगणना, मृत्युलेख चाळून वंशवृक्ष उभा करावा लागतो. खरे कष्ट इथेच.

अमेरिकेत ओहायो राज्यात १९८१ मध्ये हरणाच्या कातड्याचे, झालरीचे जाकीट घातलेल्या तरुणीचा मृतदेह सापडला. २०१८ मध्ये अनोळखी मृतांची ओळख पटवणाऱ्या ‘डीएनए डो प्रोजेक्ट’ या संस्थेच्या स्वयंसेवकांना तिच्या नातलगाची जुळणी मिळाली आणि ३७ वर्षे अडलेले नाव काही तासांत हाती आले. एरवी याला महिने, कधी वर्षेही लागतात. शिवाय असे नाव हा केवळ माग असतो. शिक्कामोर्तब सहसा जवळच्या रक्तनातलगाच्या नमुन्याशी थेट ताडून होते.