जर्मन शेफर्डची पाठ खरंच उतरती असते का?

पनवेलमध्ये जर्मन शेफर्डचे पिल्लू शोधणाऱ्यांकडून हमखास ऐकू येते, "मागून जितका बसका, तितका अस्सल." हा समज प्रदर्शनातल्या फोटोंमुळे पसरला. तिथे कुत्र्याला एक मागचा पाय मागे ताणून उभे करतात, म्हणून कंबर खाली दिसते. बंद पडलेली रिक्षा ढकलताना आपणही एक पाय असाच मागे रोवतो; तेवढ्याने आपली ठेवण बदलत नाही.

मुळात हा मेंढ्या राखणारा, दिवसभर दुडक्या चालीने फिरणारा कुत्रा. १८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी जर्मनीत या जातीची संस्था स्थापन केली. ब्रीड स्टँडर्डनुसार (जातीची ठरलेली शरीरलक्षणे) पाठ घट्ट आणि सरळ हवी, शेपटीकडे उतार अगदी किंचित. नराची खांद्यापाशी उंची ६० ते ६५ सेंटिमीटर, वजन ३० ते ४० किलो. मागच्या पायाचा 'उलटा गुडघा' म्हणजे खरे तर त्याची टाच.

फार बसकी कंबर हे अस्सलपणाचे लक्षण नव्हे. या जातीत हिप डिसप्लेसिया (खुब्याचा सांधा नीट न बसणे) बराच आढळतो. म्हणून पिल्लू ठरवण्याआधी त्याच्या आईबापांना मोकळे चालताना पाहा आणि त्यांच्या खुब्याचा एक्स-रे जरूर मागा.