विम्याच्या कागदावर रचलेला खून

'डबल इंडेम्निटी'त खुनी कोण, हे पहिल्या काही मिनिटांतच कळतं. वॉल्टर नेफ नावाचा विमा एजंट गोळी लागलेल्या अवस्थेत रात्री आपल्या ऑफिसात येतो, डिक्टाफोन सुरू करतो आणि कंपनीतल्या बार्टन कीजसाठी कबुलीजबाब बोलायला लागतो. खून त्यानेच केला आहे, आणि त्यातून त्याला ना पैसा मिळाला ना जिच्यासाठी तो केला ती बाई. एवढं सांगून झाल्यावरही बिली वाइल्डरचा हा 1944 सालचा चित्रपट शेवटपर्यंत श्वास रोखून धरायला लावतो.

याचं श्रेय बहुतेक जण बार्बरा स्टॅनविकला देतात. तिची फिलिस डिट्रिक्सन, तो सोनेरी विग, पायातली ती साखळी हे सगळं विसरता येत नाही, हे खरंच. पण माझ्या मते या चित्रपटाचा कणा विमा आहे. अपघाती मृत्यूला जास्त रक्कम देणारी सोय आपल्या पॉलिसींमध्येही असते. इथे आगगाडीत अपघात झाला तर पन्नास हजार डॉलरचे एक लाख होणार असतात. नेफ हे कलम कोळून प्यायलेला माणूस आहे. रोज लोकांचे खोटे दावे पाहून तो शिकला आहे की बाकीचे कुठे चुकतात. म्हणून तो फिलिसच्या पाय मोडलेल्या नवऱ्याला मोटारीत मारतो, स्वतः कुबड्या घेऊन त्याच्या जागी गाडीत चढतो, शेवटच्या डब्यातून उडी टाकतो आणि प्रेत रुळांवर ठेवतो. खुनाच्या क्षणी कॅमेरा मारणाऱ्याकडे बघतच नाही. तो फक्त गाडी चालवणाऱ्या फिलिसचा चेहरा दाखवतो, आणि त्या चेहऱ्यावरचं समाधान रक्तापेक्षा भयंकर वाटतं.

मुळात ही गोष्ट वर्तमानपत्रातून आली. 1927 साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात रूथ स्नायडर आणि तिचा प्रियकर जड ग्रे यांनी तिच्या नवऱ्याचा खून केला. त्याच्या नावावर अपघाती मृत्यूला दुप्पट रक्कम देणारी पॉलिसी होती. 1928च्या जानेवारीत दोघांनाही विजेच्या खुर्चीत देहदंड झाला. पूर्वी पत्रकार असलेल्या जेम्स केनने या प्रकरणावरून 1936 साली 'लिबर्टी' मासिकात कादंबरिका लिहिली. पण व्यभिचार आणि खून यांची अशी जोडी हॉलिवूडच्या सेन्सॉरला चालणारी नव्हती, त्यामुळे ती काही वर्षं तशीच पडून राहिली. वाइल्डरचा नेहमीचा सहलेखक चार्ल्स ब्रॅकेटनेही या कथेला हात लावायचं नाकारलं. मग आला रहस्यकादंबरीकार रेमंड चँडलर. पटकथेचा त्याला अनुभव नव्हता आणि वाइल्डरशी त्याचं एक दिवसही पटलं नाही. पण केनचे संवाद वाचायला छान असले तरी बोलताना अडखळतात, हे त्यानेच ओळखलं. या चित्रपटातली भाषा इतकी धारदार झाली, ती या दोन भांडखोर माणसांमुळे.

प्रकाशाची करामत छायालेखक जॉन साइट्झची. दुपारच्या वेळी त्या घरात पडद्यांच्या पट्ट्यांमधून ऊन येतं, भिंतीवर गजांसारख्या सावल्या पडतात आणि हवेत धूळ तरंगताना दिसते. ती धूळ दिसावी म्हणून त्याने धातूचा बारीक भुगा उडवला होता. 1946 साली पॅरिसमध्ये असे काही अमेरिकन चित्रपट एकापाठोपाठ लागले, तेव्हा नीनो फ्रांक या समीक्षकाने त्यांना 'फिल्म न्वार' म्हटलं. 'डबल इंडेम्निटी' त्यातलाच एक.

मला मात्र यात सर्वात जवळचा वाटतो तो बार्टन कीज, एडवर्ड जी. रॉबिन्सनने उभा केलेला दावे तपासणारा अधिकारी. आत्महत्येची आकडेवारी त्याला पाठ आहे. हळू चालणाऱ्या गाडीच्या मागच्या टोकावरून उडी मारून कुणी जीव दिल्याची नोंद नाही, हे तो कंपनीच्या मालकाला धडाधड ऐकवतो. पुढे त्याला एकच गोष्ट खटकत राहते: पाय मोडला तेव्हा फिलिसच्या नवऱ्याने विम्याचा दावा का नाही केला? उत्तर साधं आणि भीषण आहे. आपला विमा उतरवला आहे, हे त्या बिचाऱ्याला माहीतच नव्हतं. नेफच्या बिनचूक बेतातली फट पोलिसांना सापडत नाही, ती धंद्यात मुरलेल्या माणसाला सापडते. आणि तो माणूस नेफवर मनापासून माया करतो. कीजच्या खिशात कधी काडी नसते. दर वेळी नेफच त्याचा सिगार पेटवून देतो. शेवटी जखमी नेफची सिगारेट कीज पेटवतो.

नेफला विषारी वायूच्या कोठडीत मृत्युदंड होतो, असा शेवट वाइल्डरने सेट उभारून चित्रित केला होता. मग तो सगळा काढून टाकला, कारण त्या काडीनंतर सांगायचं काही उरत नव्हतं. त्याचा हा निर्णय मला सगळ्या चित्रपटातला सर्वात धाडसी वाटतो. ऑस्करची सात नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. तुम्ही हा चित्रपट पाहिला असेल तर पुन्हा पाहा, आणि या वेळी फिलिसपेक्षा कीजवर नजर ठेवा.